गव्हाणीतले तांबे आणि कालवडीचे यकृत

माणिकडोह, वडज आणि आंबेगाव तालुक्यातील डिंभे या वरच्या धरणांचे पाणी जुन्नर तालुक्यातील येडगावच्या धरणात उतरते आणि तेथून कुकडीच्या डाव्या कालव्याने पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्याकडे जाते. या पाण्याने पिके बदलली, बाजार बदलला आणि त्याबरोबर जनावरांच्या गव्हाणीतला चाराही बदलला. ज्वारीचा कडबा, बांधावरचे गवत आणि माळावरची चराई यांवर जगणाऱ्या गावठी व खिलार जनावरांच्या जागी होल्स्टीन फ्रिजियन रक्ताच्या संकरित गाई आल्या. त्यांच्यापुढे आता मक्याचा मुरघास, हत्तीगवत, लसूणघास, उसाचे वाढे, सरकी पेंड आणि सुग्रास पडते, तर हंगामाप्रमाणे कोबी-फ्लॉवरचा पाला आणि भुईमुगाचे वेलही पडतात. चाऱ्याचे वजन वाढले, दुधाचे लिटर वाढले. परंतु त्याच गोठ्याच्या कडेला दाव्याला बांधलेली आठ-दहा महिन्यांची कालवड पुष्कळदा अंगाने खुरटलेली, केसांनी निस्तेज आणि वय होऊनही माजावर न आलेली आढळते. तिच्या वाढीच्या प्रश्नात पोटभर चारा, जंत, गोचीड आणि निवारा यांचा वाटा मोठा आहे. त्याहून कमी बोलला जाणारा वाटा अन्नातील अत्यल्प धातूंचा आहे आणि तो समजून घेण्यासाठी चाऱ्यात काय आहे एवढे पाहून भागत नाही. त्या चाऱ्यातले काय वासराच्या आतड्याच्या अस्तरापलीकडे जाते, हे पाहावे लागते.

जनावराला कॅल्शियम, स्फुरद, मॅग्नेशियम, सोडियम ही खनिजे रोज ग्रॅममध्ये लागतात. तांबे, जस्त, मंगल (मँगनीज), लोह, कोबाल्ट, आयोडीन आणि सेलेनियम ही मात्र मिलिग्रॅममध्ये किंवा त्याहूनही कमी लागतात, म्हणून त्यांना सूक्ष्म खनिजे म्हणतात. वाढत्या कालवडीच्या आहारात कोरड्या वजनाच्या दर किलोमागे साधारण १० मिलिग्रॅम तांबे, ३० ते ४० मिलिग्रॅम जस्त, २० ते ४० मिलिग्रॅम मंगल, अर्धा मिलिग्रॅम आयोडीन आणि एक-दोन दशांश मिलिग्रॅम कोबाल्ट असावे, असे पशुपोषणाचे कोष्टक सांगते. कोरडे वजन म्हणजे चाऱ्यातील पाणी वजा जाता उरणारे वजन. दहा किलो ओल्या मुरघासात ते जेमतेम तीन-साडेतीन किलो भरते. यांतील धातू शरीरात प्रामुख्याने विकरांचे घटक म्हणून काम करतात. विकर म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, आणि यांतील अनेक विकरे त्यांच्या ठरावीक जागी ठरावीक धातूचा अणू बसल्याशिवाय चालत नाहीत. केसांना काळा रंग देणारे विकर तांब्यावर चालते. हाडांतील व रक्तवाहिन्यांतील तंतूंना एकमेकांशी घट्ट जोडणारे विकरही तांब्यावरच चालते. म्हणूनच तांबे कमी पडलेल्या संकरित कालवडीचे काळे केस आधी तांबूस-करडे होतात, डोळ्यांभोवती फिकट वर्तुळ उमटते, आणि त्यानंतर सांधे जाड दिसू लागतात. केसांचा पालट हे यातले सर्वांत स्वस्त निदान आहे. अर्थात उन्हाने रापलेले किंवा जंतांनी पोखरलेले वासरूही असेच दिसू शकते.

या धातूंचा हिशोब वासरू जन्माला येण्याआधीच सुरू होतो. गाभण काळाच्या शेवटच्या तिमाहीत गर्भाचे यकृत वारेतून येणारे तांबे झपाट्याने साठवते आणि गाईला आहारातून पुरेसे मिळत नसेल, तर ते गाईच्या यकृतातून ओढून घेतले जाते. त्यामुळे नवजात वासराच्या यकृतात दर किलोमागे तांब्याचे प्रमाण कित्येकदा आईच्या यकृतापेक्षा जास्त असते. निसर्गाने ही तजवीज करून ठेवण्याचे कारण दुधात आहे. दूध हे कॅल्शियम, स्फुरद आणि जस्त यांच्या बाबतीत वासराला पुरेसे अन्न असले, तरी त्यात तांबे व मंगल नाममात्र असतात आणि लोह लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास असते. दिवसाला चार लिटर दूध पिणाऱ्या वासराला त्यातून दोन मिलिग्रॅम लोह मिळते; उलट रोज अर्धा किलो वजन वाढवायचे, तर नव्या रक्तात व स्नायूंत सतराएक मिलिग्रॅम लोह बसवावे लागते. मधली तूट पहिल्या काही आठवड्यांत यकृताची शिल्लक भरून काढते, आणि ती संपत येईपर्यंत वासराने कोवळे गवत व खुराक यांना तोंड लावलेले असावे, अशी ही रचना आहे. नुसत्या दुधावर महिनोन्महिने ठेवलेले वासरू पांढुरके पडते ते याच कारणाने. महिन्या-दीड महिन्याच्या वासराने माती चाटली, की त्याच्या तोंडाला मुसके बांधण्याची पद्धत सर्रास दिसते. मातीतून जंतांची अंडी पोटात जातात, त्यामुळे काळजी योग्य आहे. पण मुसके बांधून लोह किंवा स्फुरद यांची भूक भागत नाही, तिच्यासाठी वासरापुढे खुराक ठेवावा लागतो.

जस्त आणि मंगल यांचा असा मोठा साठा गर्भात होत नाही. त्यांच्या बाबतीत पहिला हातभार लावतो तो चीक. व्यायल्यानंतरच्या पहिल्या चिकात जस्ताचे प्रमाण नेहमीच्या दुधाच्या कित्येक पट असते; लोह, तांबे, मंगल आणि सेलेनियमही त्यात दुधाहून अधिक असतात. तीस किलो वजनाच्या नवजात वासराला पहिल्या काही तासांत सुमारे तीन लिटर, म्हणजे वजनाच्या दहा टक्के, चीक पाजावा अशी जी शिफारस केली जाते, ती प्रामुख्याने रोगप्रतिकारक प्रथिनांसाठी आहे. सूक्ष्म खनिजे त्याच घोटांतून जातात. खरवसाला चिकाची मागणी मोठी आहे आणि ती पुरवणे गैरही नाही, मात्र तो वासराच्या वाट्याचे पाजून झाल्यावरच उरलेला असावा.

दूध पिताना वासराच्या अन्ननलिकेच्या टोकाला असलेली पन्हळीसारखी घडी मिटून तिची नळी होते आणि दूध कोठी पोटात, म्हणजे पहिल्या पोटात, न पडता थेट चौथ्या पोटात जाते. गाईच्या चार पोटांपैकी हेच माणसाच्या जठरासारखे आम्ल पाझरणारे पोट आहे. तेथून पुढे लहान आतड्यात पोहोचलेल्या तांब्यापैकी निम्म्याहून अधिक तांबे कोवळ्या वासराच्या रक्तात उतरते. आतड्याच्या पेशींवर धातूंचे वाहक असतात. ही विशिष्ट प्रथिने आहेत आणि ती अस्तराच्या एका बाजूने धातू उचलून दुसऱ्या बाजूला देतात. प्रौढ जनावराच्या पेशी गरजेप्रमाणे ही वाहतूक आवरतात, सैल करतात. कोवळ्या वासरात हा आवर पुरता बसलेला नसतो. यातून एक महत्त्वाची सावधगिरी निघते: मोठ्या गाईसाठी बनवलेले तांबेयुक्त मिश्रण दूधपित्या वासराच्या बादलीत मुक्तहस्ते टाकणे धोक्याचे आहे, कारण गाईच्या अंगी लागत नाही तेवढे तांबे वासराच्या यकृतात जाऊन बसते.

पुढच्या दोन-तीन महिन्यांत हे चित्र पूर्णपणे पालटते. भरडा, गोळी आणि कोवळा चारा खाऊ लागलेल्या वासराच्या कोठी पोटात जिवाणूंची वसाहत होते, आंबवण सुरू होते, त्यातून निघणाऱ्या आम्लांनी पोटाच्या अस्तरावर रवाळ उंचवटे वाढतात आणि वासरू रवंथ करू लागते. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही आनंदाची गोष्ट असते, कारण वासरू दुधावरून सुटते. तांब्याच्या दृष्टीने मात्र याच वळणावर दार जवळजवळ बंद होते: दूधपित्या वयात निम्म्याहून अधिक शोषले जाणारे तांबे रवंथ सुरू झाल्यावर घसरत जाते आणि मोठ्या गाईत एक ते पाच टक्क्यांवर येऊन ठेपते.

याचे कारण गंधकात आहे. चाऱ्यातील व पाण्यातील गंधक कोठी पोटातील जिवाणू सल्फाइडमध्ये बदलतात. हे सल्फाइड एकटेच तांब्याला काही अंशी अडवते. चाऱ्यात मॉलिब्डेनम हा धातू असेल, तर त्याच्याशी संयोग पावून थायोमॉलिब्डेट नावाची संयुगे तयार होतात आणि ती तांब्याला असे धरतात, की पुढे चौथ्या पोटातील आम्लसुद्धा त्याला सोडवू शकत नाही. ते तांबे शेणातून बाहेर पडते. काही थायोमॉलिब्डेट रक्तातही शिरतात आणि आधीच शोषलेल्या तांब्याला निकामी करतात. हे कोडे सुटायला बराच काळ लागला. इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यात काही कुरणांवर चरणारी गुरे पिढ्यान्पिढ्या हगवणीने झिजत होती; १९३८ मध्ये फर्ग्युसन, लुइस आणि वॉटसन यांनी त्या गवतातील जादा मॉलिब्डेनमला दोषी ठरवले आणि मोरचूद (तांब्याचे सल्फेट) पाजून हगवण थांबते, हेही दाखवले. त्यानंतर ऑस्ट्रेलियात डिक यांनी गंधकाचा हात उघडकीस आणला, आणि थायोमॉलिब्डेटची पूर्ण साखळी १९७० च्या दशकात स्पष्ट झाली. चाऱ्यात तांबे आणि मॉलिब्डेनम यांचे गुणोत्तर दोन-तीनास एकपेक्षा खाली आले किंवा गंधक कोरड्या वजनाच्या ०.३ ते ०.४ टक्क्यांपलीकडे गेला, तर धोका समजावा, असा ठोकताळा आज वापरला जातो.

जुन्नर-आंबेगावच्या गव्हाणीशी हे सारे थेट जुळते. दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, हा तांब्याने गरीब खडक नाही. त्याच्यापासून बनलेल्या मातीत तांबे सहसा पुरेसे असते. पण पश्चिमेकडे भीमाशंकर, आहुपे, नाणेघाट या मुसळधार पावसाच्या पट्ट्यात माती धुपून तांबडी व आम्लधर्मी झाली आहे, तर आळेफाटा-बेल्ह्याकडच्या कमी पावसाच्या भागात ती काळी, चुनखडीयुक्त आणि विम्लधर्मी आहे. अशा विम्लधर्मी मातीत जस्त, मंगल आणि लोह पिकाच्या मुळांना मिळेनासे होतात आणि मॉलिब्डेनम मात्र अधिक सुलभ होते. पश्चिमेच्या आम्ल मातीत नेमके उलटे घडते, तेथे लोह-मंगल भरपूर आणि मॉलिब्डेनम थोडे. देशभरातील मातीच्या तपासण्यांत एक तृतीयांशाहून अधिक नमुने जस्तात कमी भरले आहेत आणि महाराष्ट्रातील चुनखडीच्या काळ्या जमिनी त्यांत ठळक आहेत. येडगाव, नारायणगाव हा भाग या दोन टोकांच्या मध्ये पडतो, शिवाय येथील चाराही एका शिवारातला राहिलेला नाही: कडबा पूर्वेकडून येतो, भाताचा पेंढा पश्चिमेकडून, सरकी पेंड विदर्भ-मराठवाड्याच्या कापसातून. त्यामुळे या गावच्या मातीत अमुक कमी म्हणून वासरात अमुक कमी, असा सरळ निष्कर्ष काढता येत नाही.

गव्हाणीत गंधक कोठून येतो, हे पाहिले म्हणजे बरेच उलगडते. कोबी-फ्लॉवरच्या वर्गातील पाल्यात गंधक भरपूर असतो. पाला गाडीभर आणि जवळजवळ फुकट मिळतो म्हणून तो काही आठवडे मुख्य चारा होऊन बसतो. त्याच पाल्यातील काही द्रव्ये गलग्रंथीला आयोडीन घेऊ देत नाहीत, म्हणजे तांब्याबरोबर आयोडीनलाही खीळ बसते. सुग्रासाच्या गोळीला घट्टपणा आणि चव यावी म्हणून घातली जाणारी मळी हीसुद्धा गंधकाची मोठी वाहक आहे, कारण बहुतेक साखर कारखान्यांत रस शुद्ध करताना गंधकाचा धूर वापरला जातो. ऊसतोडीच्या हंगामात शिरोलीचा विघ्नहर आणि पारगावचा भीमाशंकर हे दोन्ही सहकारी कारखाने चालू असतात, तेव्हा तोडणी कामगारांकडून वाढ्याच्या मोळ्या मिळतात आणि कित्येक गोठ्यांत वाढे हाच चार-चार महिने हिरवा चारा असतो. वाढ्यात ऑक्झॅलेट असते, ते कॅल्शियमला बांधते, म्हणून वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडण्याचा सल्ला पशुवैद्यक देतात आणि तो योग्यच आहे. पण वाढ्यात प्रथिने आणि सूक्ष्म खनिजेही तोकडीच असतात, त्यांची भरपाई चुन्याने होत नाही.

लोहाची बाजूही अशीच आहे. भुईमूग मुळासकट उपटला जातो, त्यामुळे त्याच्या वेलांबरोबर माती येते. पावसाळ्यात तुडवलेल्या गवताबरोबरही येते. मातीतले लोह वासराच्या अंगी फारसे लागत नाही, मात्र कोठी पोटात ते सल्फाइडला धरून ठेवते आणि चौथ्या पोटातील आम्लात मोकळे करते, तेथे ते सल्फाइड तांब्याला गाठते. शिवाय लोह आणि मंगल यांना आतड्यातून आत नेणारा एक वाहक सामायिक आहे, म्हणून लोहाची गर्दी झाली की मंगल बाहेर राहतो. वेल झटकून घालणे, ही क्रिया म्हणूनच केवळ स्वच्छतेची नाही.

आता एका कालवडीचा हिशोब मांडून पाहता येतो. दीडशे किलो वजनाची कालवड रोज चार किलो कोरडा आहार खाते आणि अर्धा किलो वजन वाढवते, असे धरले, तर शरीराची रोजची झीज आणि नवी वाढ मिळून तिच्या रक्तात दीड-पावणेदोन मिलिग्रॅम तांबे पोहोचावे लागते. आहारात किलोमागे सात मिलिग्रॅम तांबे असेल, तर तिच्या पोटात रोज २८ मिलिग्रॅम जाते. दहा टक्के शोषण झाले तर २.८ मिलिग्रॅम मिळून गरज भागते. पाच टक्के झाले तर १.४ वर थोडी तूट पडते. आणि कोबीचा पाला, मळी व माती एकत्र येऊन शोषण दोन टक्क्यांवर आले, तर अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपासच हाती लागते, म्हणजे गरजेच्या एक तृतीयांश. गव्हाणीत तिन्ही वेळा २८ मिलिग्रॅमच होते. यामुळेच ‘खायला तर भरपूर घालतो’ हे पशुपालकाचे म्हणणे खरे असते आणि कालवडीची उपासमारही खरी असते.

द्राक्षाच्या बागांत ही विसंगती डोळ्यांना दिसते. नारायणगाव परिसरातील बागांवर मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण फवारले जाते, टोमॅटोवर मॅन्कोझेब फवारले जाते आणि त्या बुरशीनाशकात मंगल व जस्त असतात. म्हणजे वासरात ज्या धातूंची वाण असते, तेच धातू गोठ्यापासून शंभर पावलांवर पानापानांवर वाळलेले असतात. बागेतले तण कापून जनावरांना घातल्याने त्यांची गरज भागते, असे मात्र कोणी समजू नये. फवाऱ्यातून येणाऱ्या मात्रेला मोजमाप नसते आणि त्याबरोबर इतर औषधांचे अंश येतात. मेंढ्यांसाठी तर असे गवत जिवावर बेतू शकते, कारण मेंढीचे यकृत जादा तांबे बाहेर टाकण्यात फार कमजोर आहे. त्याच कारणाने गाईचे खनिज मिश्रण मेंढ्यांपुढे ठेवू नये.

कोबाल्टची गोष्ट तांब्याच्या उलट आहे. कोवळ्या वासराला कोबाल्ट धातू म्हणून जवळजवळ लागतच नाही. त्याला लागते ब-१२ जीवनसत्त्व, आणि ते त्याला चिकातून, दुधातून व यकृताच्या साठ्यातून मिळते. रवंथ सुरू झाल्यावर कोठी पोटातील जिवाणू चाऱ्यातील कोबाल्टपासून हे जीवनसत्त्व स्वतः बनवू लागतात आणि जनावर त्यांच्यावर विसंबते. गाय चाऱ्यातून साखर जवळजवळ घेत नाही; कोठी पोटात तयार होणाऱ्या प्रोपिऑनिक आम्लापासून तिचे यकृत साखर घडवते, आणि त्या वाटेवरची एक पायरी ब-१२ शिवाय ओलांडता येत नाही. म्हणून कोबाल्ट कमी पडले, की चारा पुढे असूनही वासराची भूक मरते. पश्चिम ऑस्ट्रेलियात गुरे अशीच खंगून मरत. लिमोनाइट नावाची लोहयुक्त माती भरपूर पाजली की ती सुधारत, त्यामुळे दोष लोहाच्या कमतरतेला दिला गेला होता. फिल्मर आणि अंडरवुड यांनी त्या मातीचा लोह काढून टाकलेला अर्क पाजला, तरी गुरे बरी झाली. शोध घेता घेता १९३५ च्या सुमारास ते लोहात मिसळलेल्या कोबाल्टपाशी पोहोचले. ब-१२ वेगळे काढले गेले आणि त्याच्या केंद्रस्थानी कोबाल्टचा अणू आढळला, ते १९४८ साल होते. तांबडी माती चाटून सुधारलेले वासरू सह्याद्रीच्या पायथ्याशीही दिसू शकते. त्याला मातीतल्या नेमक्या कशाचा गुण आला, हे मातीच्या रंगावरून ठरत नाही.

जस्ताची अडचण शोषणापेक्षा साठवणुकीत आहे. धान्य-पेंडींतील फायटेट नावाचे संयुग कोंबडी-डुकरांत जस्ताला अडवते, कोठी पोटातील जिवाणू मात्र ते फोडतात, त्यामुळे रवंथ करणाऱ्या वासराला ही भीती उरत नाही. पण शरीरात जस्ताची अशी राखीव ठेव नसते, की आठवडाभर आहार घसरला तर तीवर निभावेल. मुस्कटाभोवती, कानांमागे आणि पायांवर कातडी जाड होणे, केस झडणे, खूर ठिसूळ होणे, जखम लवकर न भरणे ही त्याची लक्षणे आहेत. फ्रिजियन रक्तात क्वचित एक आनुवंशिक दोषही आढळतो. अशा वासराच्या आतड्यातील जस्ताचा वाहकच निकामी असतो, ते धडधाकट जन्मते, महिन्या-दोन महिन्यांत अंगभर खपल्या धरते आणि भरपूर जस्त तोंडाने देत राहिले तरच तगते. मंगल जेमतेम एक टक्का शोषला जातो. गाभण गाईत तो फार कमी पडला तर वासरू वाकड्या पायांनी जन्मते. सेलेनियमच्या उणिवेने कोवळ्या वासराचे स्नायू पांढरे पडून ते उभे राहू शकत नाही. या मूलद्रव्याचे शरीरातील नेमके काम १९७३ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधनाने एका विकरात दाखवून दिले. त्याची गरज आणि विषबाधा यांतील अंतर मात्र इतके कमी आहे, की पंजाबच्या काही भागांत जमिनीतल्या जादा सेलेनियमने गुरांचे खूर गळतात. ‘थोडे जास्त घातले तर बिघडत नाही’ ही सवय येथे महागात पडते.

उपाय म्हणून सर्वत्र खनिज मिश्रण सांगितले जाते. भारतीय मानक संस्थेच्या १६६४ क्रमांकाच्या मानकाप्रमाणे मीठविरहित मिश्रणात किमान २० टक्के कॅल्शियम, १२ टक्के स्फुरद, ०.८ टक्के जस्त, ०.१२ टक्के मंगल, ०.१ टक्के तांबे आणि ०.०१२ टक्के कोबाल्ट असावे लागते. वासराला रोज २० ते २५ ग्रॅम, वाढत्या कालवडीला व आटवलेल्या गाईला ५० ग्रॅम, दुभत्या गाईला १०० ते २०० ग्रॅम अशी शिफारस आहे. वरच्या हिशोबातील कालवडीला या ५० ग्रॅमच्या निम्मे, म्हणजे २५ ग्रॅम मिश्रण घातले, तर त्यातून २५ मिलिग्रॅम तांबे मिळते आणि पोटात जाणारे तांबे ५३ मिलिग्रॅम होते. शोषण पाच टक्के असेल तर तिची तूट पूर्ण भरून निघते, दोन टक्के असेल तर ५३ मिलिग्रॅमही अपुरे पडते. अशा वेळी पुडी वाढवण्याआधी कोबीचा पाला कमी करणे आणि वेल झटकणे अधिक फलदायी ठरते. जस्ताचे तसे नाही: त्याच २५ ग्रॅममधून २०० मिलिग्रॅम जस्त मिळते आणि मुरघास-वाढ्याची उणीव सहज निघते.

पिशवीवरचा आकडा कोणत्या रूपातला आहे, यावरही पुष्कळ अवलंबून असते. तांब्याचे साधे ऑक्साइड भुकटीच्या रूपात गाईच्या अंगी फारच थोडे लागते, तर मोरचूद, म्हणजे तांब्याचे सल्फेट, बऱ्यापैकी लागते. जस्ताच्या बाबतीत ऑक्साइड आणि सल्फेट यांत एवढा फरक पडत नाही. धातू अमिनो आम्लांना बांधून बनवलेली ‘चिलेटेड’ मिश्रणे कोठी पोटातील सल्फाइडपासून काही अंशी बचावतात. जेथे मॉलिब्डेनम-गंधकाचा अडथळा आहे तेथे त्यांचा उपयोग अधिक आणि जेथे तो नाही तेथे त्यांची चढी किंमत वसूल होणे कठीण, असे या विषयातील बहुतेक प्रयोगांचे तात्पर्य आहे. गव्हाणीत टांगलेला सैंधवाचा गुलाबी खडा जनावर आवडीने चाटते. त्यातून मीठ मिळते, ते आवश्यकही आहे, परंतु तांबे-जस्ताची गरज त्याने भागत नाही.

हा विषय शेवटी कोणाच्या वाट्याला काय येते, येथे येऊन पोहोचतो. खनिज मिश्रणाची पुडी सुटते ती दुभत्या गाईच्या खुराकात, कारण तिचा परतावा दहा दिवसांच्या दूधबिलात दिसतो. आटवलेली गाभण गाय आणि कालवड या दोघी त्या बिलात नसतात, म्हणून त्यांच्यापुढे वाढे किंवा कडबा पडतो आणि खुराक बंद होतो. वास्तविक वासराच्या यकृतातील शिल्लक गाभण काळाच्या अखेरच्या तीन महिन्यांत भरली जाते आणि त्यातले शेवटचे दोन महिने गाय आटवलेली असते. त्या काळातल्या रोजच्या ५० ग्रॅम मिश्रणाचा खर्च गाईच्या एका दिवसाच्या दुधाच्या तुलनेत किरकोळ आहे. तो न केल्याची किंमत मात्र पुढे कालवड उशिरा माजावर येणे, गाभण न राहता उलटत राहणे आणि पहिले वेत वर्षभर लांबणे, अशी वसूल होते. चांगल्या संगोपनात संकरित कालवड सव्वादोन वर्षांच्या आसपास विते. अनेक गोठ्यांत ती तीन वर्षांची होते, आणि तोवर तिने खाल्लेला चारा कोणत्याच वहीत लिहिला जात नाही. उरुळीकांचन येथे १९६७ मध्ये मणिभाई देसाई यांनी स्थापन केलेल्या बाएफने संकरित पैदास दारोदार नेली, ते फार मोठे काम होते. त्या रक्ताला लागणारा आहार त्याच वेगाने दारोदार पोहोचला नाही. ग्रामोन्नती मंडळाचे नारायणगावचे कृषी विज्ञान केंद्र जवळ आहे, शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाने जिल्ह्याजिल्ह्यांतील चारा तपासून क्षेत्रविशिष्ट खनिज मिश्रणे ठरवण्याचा मार्ग घालून दिला आहे. म्हणजे ज्ञानाची उणीव नाही, आटवलेल्या गाईपुढे आणि कालवडीपुढे ते रोज ठेवण्याची उणीव आहे.

निदान हा यातील सर्वांत अवघड भाग आहे. रक्तातील तांबे यकृताची शिल्लक जवळजवळ संपेपर्यंत ठीक दिसते. त्यातच ताप किंवा जखम असेल तर रक्तातले तांबे वाढते आणि जस्त उतरते, त्यामुळे आजारी वासराच्या रक्ताचा अहवाल दोन्ही दिशांनी फसवतो. खरी माहिती यकृतात असते. अनेक देशांत ती कत्तलखान्यांतून मिळणाऱ्या यकृताच्या तुकड्यांवरून गोळा होते. महाराष्ट्रात गाईंच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्याने आणि बैल-वळूंच्या कत्तलीला त्याच्या २०१५ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने बंदी असल्याने तो मार्ग नाही. जिवंत जनावराच्या यकृताचा सुईने नमुना घेता येतो, पण ते गावपातळीवरचे काम नव्हे. राहते ती चाऱ्याची तपासणी, आणि तिच्यात तांब्याबरोबर मॉलिब्डेनम, गंधक आणि लोह मोजले गेले नाहीत, तर तांब्याच्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही. जानेवारीत वाढ्याचा आणि कोबीच्या पाल्याचा, मे महिन्यात मुरघास व कडब्याचा आणि भाद्रपदात हिरव्या गवताचा, असे एकाच गव्हाणीतले तीन नमुने वर्षभरात तपासले, तर येडगावच्या कालवडीला कोणत्या महिन्यांत काय मिळत नाही, ते कागदावर येईल, आणि खनिज मिश्रणाचे प्रमाण त्या महिन्यांपुरते बदलता येईल.